हवा मोजणारी तार

माझी गाडी सपाटीवर गुणी आणि चढावर हट्टी झाली, त्याला दोन महिने होऊन गेले होते. मी कोयनानगरच्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. आठवडाभर तिथं खोली घेऊन राहायचं, शनिवारी सकाळची शाळा सुटली की आटपाडीला आण्णांकडं, म्हणजे माझ्या वडिलांकडं यायचं आणि रविवारी दुपारी पुन्हा निघायचं, हा माझा तीन वर्षांचा नेम. विटा, कऱ्हाड, पाटण, इथवर गाडीची काही तक्रार नसायची. पाटण मागं पडून वळणं सुरू झाली की मात्र दुसऱ्या गिअरमध्येच तिचा जीव जायचा. पाय पार तळाला टेकवला तरी नुसता आवाज वाढायचा, वेग काही वाढायचा नाही. समोर नारिंगी दिवा लागायचा, मागचा दुधाचा टेम्पो हॉर्न वाजवून वाजवून माझा उद्धार करायचा आणि मी स्टेअरिंगवर हात आपटत तो चढ कसाबसा पार करायची. एक-दोन दिवसांत दिवा आपोआप विझायचा, जणू काही झालंच नव्हतं.

मला राग लवकर येतो. घरी हे सगळ्यांना माहीत आहे आणि शाळेत त्याहून जास्त. त्या दोन महिन्यांत मी तीन मिस्त्री केले आणि तिघांशीही भांडले. पहिल्यानं डिझेलचा फिल्टर बदलला. दुसऱ्यानं इंजेक्टर काढून साफ केले आणि "आता बघा मॅडम, विमान होतं का नाही" म्हणाला. विमान पाटणच्या पुढं नेहमीच्याच वळणावर बसलं. तिसऱ्यानं बॉनेटवर हात ठेवला, डोळे मिटले आणि टर्बो गेला म्हणून सांगितलं. डोळे मिटून निदान करणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही, मग तो मिस्त्री असो की डॉक्टर. मी गाडी तशीच घेऊन आले.

शाळेतली मैत्रीण म्हणाली, विकून टाक आणि नवी घे, नव्या गाडीची काळजी कंपनीवाले करतात, बॉनेटसुद्धा आपण उघडायचं नसतं. तिनं हे चांगल्या मनानं सांगितलं होतं. पण नेमकं तेच मला नको होतं, आणि का ते तिला सांगायला माझी जीभ वळेना.

आण्णा लष्करात गाड्यांच्या दुरुस्तीवर होते. हवालदार होऊन निवृत्त झाले, गावी आले, डाळिंबाची बाग केली, ट्रॅक्टर घेतला. तो ट्रॅक्टर पंचवीस वर्षं त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणी उघडला नाही. चार वर्षांपूर्वी आई गेली. त्यानंतर त्यांनी बाग वाट्यानं दिली, ट्रॅक्टर विकला आणि पडवीतल्या बाजेवर बसून राहिले. वाढलं तर जेवायचे, विचारलं तर बोलायचे. एवढा बोलका माणूस, पण दिवसाला दहा शब्दांवर आला होता. मी ही जुनी डिझेल गाडी घेऊन दारात उभी केली, तेव्हा ते बाजेवरून उठले, तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "टायरं बरी हायती." कुणी न विचारता बोललेलं ते त्यांचं कित्येक दिवसांतलं पहिलं वाक्य होतं. पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी बॉनेट उघडलं. मग दर रविवारी उघडलं. ऑइल बघायचं, पाणी बघायचं, बॅटरीची टोकं घासायची, हवेचा फिल्टर काढून झटकायचा. हळूहळू ते दाढी करायला लागले, चौकात जायला लागले, माझ्याशी राजकारणावर वाद घालायला लागले. ही गाडी गेली तर आण्णा पुन्हा त्या बाजेवर जाऊन बसतील, अशी मला धास्ती होती.

म्हणून एका रविवारी मी दुपारच्या ऐवजी सकाळी लवकर निघाले. कऱ्हाडला एक मिस्त्री आहे, तो आधी यंत्र लावून बघतो आणि मग पान्हा उचलतो, असं ऐकलं होतं. रविवारीही तो दुपारपर्यंत गॅरेज उघडं ठेवायचा. आण्णा टोपी घालून आधीच गाडीत बसलेले.

"तुमी कशाला, आण्णा?"

"मिस्त्री काय करतुय ते बघायला नगं व्हय कुणीतरी? तू भांडणार, मग बघणार कोण?"

कऱ्हाडहून ते एसटीनं परत जाणार होते. कोयनानगरला माझ्याकडं ते तीन वर्षांत एकदाही आले नव्हते. "भूकंपानं हादरणाऱ्या गावाला येऊन काय करू?" एवढंच त्यांचं कारण.

मिस्त्री चाळिशीचा होता, कमी बोलणारा. त्यानं माझी सगळी हकिकत ऐकून घेतली, मध्ये एकदाही "समजलं" म्हणाला नाही. मला तो तिथंच आवडला. स्टेअरिंगच्या खाली एक खाच असते, तिथं त्यानं वायर जोडली आणि हातातल्या स्कॅनरवर आकडे आणले. मला रेस द्यायला सांगितली. मी पाय दाबला. इंजिन ओरडलं. आकडा अठरा, पंचवीस, तीस झाला आणि तिथंच थांबला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"इंजिन किती हवा घेतंय त्याचा आकडा. सेकंदाला इतके ग्रॅम."

वर्षानुवर्षं मी हवेला वजन असतं म्हणून मुलांना शिकवते. फुगे घेऊन तराजू करून दाखवते. माझ्याच गाडीच्या पोटात हवा तोलून घेतली जाते, हे मला त्या दिवशी कळलं. मी ते कबूल केलं नाही.

मिस्त्रीनं मग एक गंमत केली. फिल्टरच्या डब्यातून इंजिनाकडं एक जाड नळी जाते. त्या नळीच्या तोंडाशी बसवलेल्या एका लहानशा भागाची वायर त्यानं काढून टाकली आणि मला बाहेर एक चक्कर मारून यायला सांगितलं. कृष्णेच्या पुलाकडं जाणाऱ्या चढावर मी गाडी घातली. दिवा लागलेला, पण गाडी ओढत होती! दोन महिन्यांत पहिल्यांदा. मी सुसाटच परत आले.

आण्णांनी कपाळाला हात लावला. "वायर काढल्यावर गाडी सुधारती? ह्ये कसलं यंत्र म्हणायचं, गड्या?"

"मामा, वायर जोडली की हा सेन्सर खोटं सांगतुय," मिस्त्री म्हणाला. "हवा पन्नास आत चालली आसंल तर ह्यो सांगतुय तीस. गाडीचा कॉम्प्युटर त्याच्यावर इस्वास ठेवून तेवढंच डिझेल सोडतुय. मग चढाला ताकद कुठनं येणार? वायर काढली की कॉम्प्युटर अंदाजानं चालतुय. अंदाज ह्याच्यापेक्षा बरा."

"आन् हवा मोजतुय कशी?"

मिस्त्रीनं टेबलावरची चहाची बशी उचलली. "आत एक बारीक तार आस्ती. ती तापवून ठेवलेली आस्ती. हवा गेली की ती निवती, बशीत फुंकर मारल्यावर च्या निवतो तशी. जोरात फुंकर, लवकर थंड. ती परत तापवायला किती करंट लागला, त्यावरनं हवेचा हिशेब."

आण्णांनी ती बशी स्वतःच्या हातात घेतली. एवढी साधी गोष्ट आपल्याला इतक्या वर्षांत कुणी सांगितली नाही, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मला बरं वाटलं. आता सेन्सर बिघडला, तो साफ करायचा किंवा बदलायचा, प्रश्न मिटला. मनातल्या मनात मी त्या दुधाच्या टेम्पोला मागं टाकलंसुद्धा.

सेन्सर बाहेर आला. मिस्त्रीनं तो उजेडात धरला आणि भुवया उंचावल्या. तारेवर तपकिरी, चिकट थर होता. त्यानं फिल्टरचा डबा उघडला. आतला कागदी फिल्टर पांढरा असायला हवा, तो मधासारखा चमकत होता. मिस्त्रीनं बोट फिरवलं, वास घेतला आणि विचारलं, "फिल्टरला ऑइल कुणी लावलंय?"

मला एका क्षणात सगळं कळलं. रविवारची सकाळ, ब्रश, ऑइलचा डबा. मी ते स्वतः पाहिलं होतं, चहा पीत पीत पाहिलं होतं आणि कधी विचारलंही नव्हतं. मी पटकन म्हणाले, "गाडी जुनी घेतलीय. आधीच्या मालकानं लावलं असेल."

"म्या लावलं," आण्णा म्हणाले.

मिस्त्री त्यांच्याकडं वळला.

"तीन-चार महिनं झालं, दर रविवारी लावतुय. आमच्याकडं धूळ लय. ट्रॅक्टरला हवेच्या डब्यात तेल आसतंय, धूळ त्या तेलात बसती. मिलिटरीतल्या जुन्या गाड्यांना बी तसंच व्हतं. हितं बघितलं तर नुसता कागद. म्हनलं, कोरडा कागद काय धूळ आडवणार? म्हणून पातळ हात मारत व्हतो."

आमच्या भागात ज्यानं ट्रॅक्टर सांभाळलाय, त्याला हे वेडं वाटणार नाही. तिकडं तेल नसलेला हवेचा डबा म्हणजे निष्काळजीपणा. पण त्या वेळी माझ्या डोक्यात फक्त दोन महिने होते, ते तीन मिस्त्री होते, ती वळणं होती. तेच तेल हवेबरोबर उडून दर आठवड्याला त्या तारेवर बसत होतं. मी म्हणाले, आणि चांगल्या मोठ्यानं म्हणाले, "तुमाला कुणी सांगितलं हुतं नको तितं हात घालायला? घाटात गाडी बंद पडून मी मेले असते म्हणजे?"

गॅरेजमध्ये दुसरा कुणी नव्हता, एवढंच बरं. आण्णांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्यांच्या खांद्यावर हात पुसायचं एक फडकं होतं. ते त्यांनी काढलं, चार घड्या घातल्या आणि टेबलावर ठेवलं.

"बराबर हाय तुजं," ते म्हणाले. "आता न्हाई लावणार हात. मला एसटीत बसवून दे."

आणि ते जाऊन बाकावर बसले. अगदी पडवीतल्या बाजेवर बसायचे तसेच, हात मांड्यांवर ठेवून. ज्या गोष्टीला मी दोन महिने घाबरत होते, ती गाडी चालू असताना, दुरुस्त होत असताना, माझ्याच तोंडून घडली होती. माफी मागावी असं वाटत होतं. पण रागीट माणसाला माफी मागायला फार वेळ लागतो, शब्द सगळे रागातच खर्च झालेले असतात. मी त्यांच्यासाठी चहा आणला. त्यांनी तो घेतला आणि बाजूला ठेवला.

मिस्त्री काम करत होता. त्यानं सेन्सरवर एका डब्यातून फवारा मारला, बोट किंवा कापड तारेला अजिबात लागू दिलं नाही आणि तो वाळायला ठेवला. नवा कोरडा फिल्टर बसवला. मग हात पुसत आण्णांच्या शेजारी जाऊन बसला.

"मामा, तुमी औषध बराबर दिलंसा. गाडी चुकली."

आण्णा हसले नाहीत. पण मान वर केली.

वीस मिनिटांनी सगळं पुन्हा जोडून झालं. जागेवर रेस दिल्यावर आकडा तिसाच्या पुढं गेला, पण मिस्त्रीचं समाधान झालं नाही. "रिकामं इंजिन काय खरं सांगत न्हाई. चढाला, वजन ओढताना बघायला पायजे. पन्नासच्या वर गेला तर तार सुधारली. न्हाई गेला तर नवा सेन्सर मागवू." त्यानं स्कॅनर वायरीसकट माझ्यासमोर धरला. "ह्यो माझा जुना हाय, घेऊन जावा, येताना द्या. पण मॅडम, चालवणाऱ्यानं आकडं बघायचं न्हाई. घाट हाय. वाचायला दुसरं माणूस पायजे."

असं म्हणून त्यानं स्कॅनर आण्णांच्या मांडीवर ठेवला.

"मला जमायचं न्हाई ते," आण्णा म्हणाले. "डोळ्यांची आपरेशनं झाल्यात."

"आकडं मोठं हायत, मामा."

"मी एसटीनं जाणार हाय."

"उद्या जावा की. ह्या बाईंना वरती एकलं पाठवणार हाय का?"

आण्णांनी स्कॅनर उचलला, लांब धरला, जवळ धरला. "ऑर्डर हाय का ही?" त्यांनी विचारलं.

"व्हय. ऑर्डर समजा."

ते उठले आणि गाडीत पुढं येऊन बसले. मी गाडी चालू केली. पाटणपर्यंत ते काचेतून उसाचे फड बघत होते, मी रस्ता. एरवी या वाटेवर मी मोठ्यानं गाणी म्हणते.

पाटण मागं पडलं. वळणं सुरू झाली. चढाच्या तोंडाशी मी दुसरा गिअर टाकला आणि म्हणाले, "वाचा, आण्णा."

"बावीस," ते म्हणाले. कोरडा, हजेरी घेतल्यासारखा आवाज. "सव्वीस. तीस."

मी पाय आणखी दाबला.

"चौतीस. एकोणचाळीस. चव्वेचाळीस."

गाडी ओढत होती. ते माझ्या पाठीला कळत होतं, सीटमध्ये रेटल्यासारखं. पण आकडा सत्तेचाळीसला पोचला आणि थांबला. दोन वळणं गेली, आण्णा सत्तेचाळीसच म्हणत राहिले. मी मनात म्हटलं, झालं, नवा सेन्सर, पुन्हा पंधरा दिवस. तोंडातून एक शब्द निघणार होता, तो मी गिळला.

"थांबीव," आण्णा म्हणाले.

"काय झालं?"

"शिट्टी वाजतीया. तुला यायची न्हाई ऐकू. बारीक हाय."

मला खरंच काही ऐकू येत नव्हतं. पुढं रस्ता रुंद होता तिथं मी कडेला गाडी घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन चालू ठेवलं. आण्णा उतरले. बॉनेटपाशी गेले आणि तिथंच उभे राहिले. हात खाली लटकत ठेवून. काचेतून त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मला समजलं की सत्तर ओलांडलेला हा माणूस माझ्या परवानगीची वाट बघतोय. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी काच खाली केली.

"उघडा की, आण्णा. तुमीच बघा, मला काय कळतंय त्यातलं?"

त्यांनी बॉनेट उघडलं. मग मला ते दिसेनात. थोड्या वेळानं आवाज आला, "रेस दे जरा." मी दिली. "बास. परत दे." पुन्हा दिली. मग मीच खाली उतरले. सेन्सरच्या पुढं जी जाड नळी बसते, तिच्यावरचा पत्र्याचा पट्टा सैल राहिला होता. नळी आणि तोंड यांच्या मधल्या फटीतून हवा आत चोरटी शिरत होती. सेन्सरला चुकवून गेलेली हवा मोजणार कोण? आण्णांनी खिशातला छोटा स्क्रू-ड्रायव्हर काढला. पट्टा सरळ केला, स्क्रू आवळला, नळीभोवती हाताचा पंजा फिरवून कुठं गार लागतंय का ते पाहिलं. मीही कान देऊन ऐकलं. मला आधी जे ऐकू येत नव्हतं, ते आता बंद झालंय हेही कळलं नाही.

"त्या मिस्त्रीनं पट्टा नीट आवळला न्हाई," मी लगेच सुरू झाले. "परत जाते तवा सांगते त्याला चांगलं."

"सांगू नगं," आण्णा बॉनेट लावत म्हणाले. "चांगला माणूस हाय. ऱ्हातंय एकांदं कामाच्या गडबडीत. त्याला वाईट वाटंल."

ते दार उघडून बसले आणि स्कॅनर मांडीवर घेतला. मी मात्र रस्त्यावर तशीच उभी होते. त्यांनी हे मला उद्देशून म्हटलं नव्हतं, तसा त्यांचा स्वभाव नाही, म्हणूनच ते जास्त लागलं. डोळे पुसून मी आत बसले आणि गाडी चढाला घातली. पहिलं वळण घेतलं.

"आण्णा, सकाळी मी लय बोलले. चुकलं माजं."

"सत्तेचाळीस," ते म्हणाले.

"आण्णा, मी काय म्हणतीय..."

"गप चालीव. आकडा चुकंल माझा." मग त्यांचा आवाज चढायला लागला, गाडीबरोबर. "पन्नास. त्रेपन्न. अठ्ठावन्न! आगं, तिसरा टाक की, कशाची वाट बघतीयास?"

मी तिसरा टाकला.